किलोवर मोजलेले काम आणि किमान वेतन

प्रश्न : मी एका काजू कारखान्यात बिया फोडण्याचे आणि गर सोलण्याचे काम करते. मजुरी किलोवर मिळते. गराची पाकळी झाली की दर कमी धरतात. दिवसभर बसूनही किमान वेतनाइतके पैसे हाती येत नाहीत. मालक म्हणतात की किमान वेतन फक्त रोजंदारीवाल्यांना असते, आम्ही दर मान्य असल्याचे लिहून दिले आहे, आणि धंद्याला याहून जास्त परवडत नाही. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमच्या मालकांची तिन्ही कारणे कायद्यापुढे टिकणारी नाहीत. मजुरी किलोवर द्यायला हरकत नाही. परंतु सरकारने त्या कामासाठी किलोचा वेगळा किमान दर न ठरवता केवळ दिवसाचा दर ठरवला असेल, तर पूर्ण दिवस काम करणाऱ्याला त्या दरापेक्षा कमी देता येत नाही. ही तरतूद 1948 च्या किमान वेतन कायद्यात होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे.

लिहून दिलेल्या कागदालाही अर्थ नाही, कारण किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानेच रद्दबातल ठरतो. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये याही पुढे जाऊन सांगितले की, गरजेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत काम करावे लागणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 ने मना केलेली सक्तीची मजुरी आहे. ‘परवडत नाही’ ही सबब तर न्यायालयाने 1950 च्या दशकातच फेटाळली आहे.

हा दर कशावरून ठरावा, याचे सूत्र 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले : प्रौढ माणसामागे रोज 2700 कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसारख्या खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरावेत, असे न्यायालयाने 1991 मध्ये सांगितले. या हिशेबात कुटुंब तीन एककांचे धरतात : कमावता पुरुष 1, पत्नी 0.8 आणि दोन मुले प्रत्येकी 0.6. म्हातारे आईवडील त्यात नाहीत, आणि जिच्या मजुरीवर घर चालते ती बाई अवलंबितांमध्ये मोजली जाते. हे गणित बदलायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्याप्तीच्या बाबतीत मात्र मोठा बदल झाला आहे. जुना कायदा गोव्यात मुक्तीनंतर आला आणि तो केवळ अनुसूचीत नोंदलेल्या कामांपुरता होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या संहितेने ती अनुसूची काढून टाकली. दावा करण्याची मुदतही सहा महिन्यांवरून तीन वर्षे झाली आहे, आणि पूर्ण वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. तरीही रोजचे वजन, पाकळीची कपात आणि कामाचे तास स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. राजपत्रातील चालू दर महागाई भत्त्यासह पाहा आणि पणजीच्या पाटो येथील श्रम आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्या. दोघी-चौघींनी मिळून गेल्यास उत्तम.

प्रश्न : खाणीवर ठेकेदाराकडे पोकलेन चालवतो. ठेकेदार गोवा सरकारच्या दराने पगार देतो. तोच दर लागू आहे ना?
— एक वाचक, सांगे

उत्तर : नाही. मुरगाव बंदराप्रमाणेच खाणींसाठीही किमान वेतन केंद्र सरकार ठरवते, त्यामुळे तुम्हाला केंद्राच्या अधिसूचनेतील खाणकामाचा दर लागू होतो. तक्रारही केंद्रीय श्रम यंत्रणेकडेच करावी लागेल. ठेकेदाराने पैसे थकवले, तर ते देण्याची जबाबदारी खाण चालवणाऱ्या कंपनीवर येते; म्हणून अर्जात दोघांचीही नावे घाला.