माणकीची दक्षिण ध्रुवाकडची थोरली भावंडे

प्रश्न : म्हापशाच्या बाजारात फूटभर लांबीची माणकी (माकूळ, म्हणजे स्क्विड) दिसली, तरी आम्ही तिला मोठी म्हणतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात अर्ध्या टनाची माणकी असते, हे खरे आहे काय?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : होय. या जातीला 'कलोसल स्क्विड' म्हणतात. २००७ साली रॉस समुद्रात टूथफिश पकडणाऱ्या नौकेच्या गळाला लागलेली आणि आज वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात ठेवलेली मादी ४९५ किलो वजनाची होती. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत याहून जड जात माहीत नाही. आपल्या माणकीच्या हातांवर चूषके (भक्ष्याला चिकटणाऱ्या वाट्या) असतात, हिच्या हातांवर मात्र चूषकांच्या जोडीला अणकुचीदार आकडेही असतात.

खरे नवल डोळ्याचे. त्याचा व्यास सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा आहे. शत्रू असलेला स्पर्म व्हेल अंधारातून येताना त्याच्या धक्क्याने सूक्ष्म जीव चमकतात आणि ती अंधूक चमक दुरून टिपण्यासाठीच एवढा डोळा घडला असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे, जो मलाही पटतो.

या जातीची ओळखच मुळी १९२५ साली व्हेलच्या पोटात सापडलेल्या हातांवरून पटली. नैसर्गिक अधिवासातील जिवंत प्राण्याचे खात्रीशीर चित्रीकरण व्हायला पुढे शंभर वर्षे लागली : मार्च २०२५ मध्ये दक्षिण अटलांटिक महासागरातील साउथ सँडविच बेटांजवळ, सुमारे ६०० मीटर खोलीवर. ते पारदर्शक पिल्लू मात्र तुमच्या बाजारातल्या माणकीएवढेच, जेमतेम ३० सेंटिमीटरचे होते.