जिमनीवर हलकं आणि बसकं कॅरिअर गावातच बनवून घेता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच दरवाजांची मारुतीची जिमनी आहे, मेळघाटात धारणी-परतवाडा आणि आतल्या जंगलरस्त्यांवर नेहमीचं जाणंयेणं आहे, छतावरचं विकतचं कॅरिअर महाग आणि उंच वाटतं, तर गावच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी करून घेतलं तर चालेल का?

परतवाड्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, खिडक्या, ट्रॉल्या हे रोजचं काम, कॅरिअर अधूनमधून. गावात बनवून घ्या, पण लोखंडी करू नका. लोखंडावर पोट असलेला माणूस हे सांगतोय, म्हणून जरा लक्ष द्या.

सगळा प्रश्न वजनाचा आहे. छतावर किती वजन चालतं याचा आकडा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत असतो, आधी तो शोधा. बाहेरच्या देशांत तीन दरवाजांच्या जिमनीला ३० किलोची मर्यादा दिलेली आहे. तुमच्या पुस्तिकेत जे असेल तेच धरायचं. मी इथे हिशेबापुरते ३० धरतो. त्या ३० मध्ये कॅरिअरचं स्वतःचं वजनही आलं, आणि नेमकं हेच कोणी मोजत नाही. एक इंची चौकोनी एमएस (साध्या लोखंडाची) नळी, १६ गेजची, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर भिंतीची, मीटरला साधारण १.१८ किलो भरते. चारी बाजूंनी कठडा असलेल्या नेहमीच्या कॅरिअरला वीस फुटी तीन नळ्या सहज लागतात. झाले साडेएकवीस किलो. त्यावर पाय, नटबोल्ट, रंग, आणि कोणी हौसेनं जाळी मारली तर तीही. सामानासाठी उरले फार तर सात-आठ किलो. एक ताडपत्री आणि दोन सतरंज्या टाकल्या की संपलं.

यात वेल्डिंगवाल्याचा दोष नाही. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक एकच गोष्ट मागतं, काम मजबूत पाहिजे. मग कारागीरही आपणहून म्हणतो, "भाऊ, अजून दोन नळ्या टाकून देऊ काय? एकदम मजबूत होऊन जाईन." गेटला आणि ट्रॉलीला हे शोभतं. छतावर मात्र तो घालेल ती प्रत्येक नळी तुमच्या सामानातून वजा होते, शिवाय गाडीचा तोल वर नेते. जिमनी १६४५ मिलिमीटर रुंद आणि १७२० उंच, म्हणजे रुंदीपेक्षा उंचीच जास्त. घाटातल्या वळणावर वरचं वजन लगेच जाणवतं.

तेव्हा ॲल्युमिनियम. खिडक्यांचं सेक्शन विकणाऱ्या दुकानात चौकोनी आणि आयताकृती नळ्या मिळतात. परतवाड्यात हवं ते माप नसलं तर अमरावतीत मिळतं. खिडकीची पातळ नळी घेऊ नका. भिंत २ मिलिमीटर जाडीची मागा आणि दुकानात कॅलिपर लावून बघा. ॲल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असतं. अडचण एवढीच की ताठपणाही एक तृतीयांशच असतो. लोखंडाच्याच मापाची नळी वापरली तर ती जास्त वाकणार. त्यावर उपाय म्हणजे आयताकृती नळी घेऊन ती आडवी न ठेवता उभी, म्हणजे मोठी बाजू वर-खाली, ठेवायची. सव्वा मीटरच्या आतबाहेर अंतरावर २५ बाय २५ ची नळी मधोमध २० किलोला जवळपास ७ मिलिमीटर झुकते. ४० बाय २५ ची उभी लावली तर दोन-सव्वादोन मिलिमीटर. वजन वाढतं मीटरमागे जेमतेम दीडशे ग्रॅम. आणि खड्ड्यात गाडी आदळली की तेच २० किलो क्षणभर दुपटी-तिपटीनं दाबतात, म्हणून हा फरक कागदावरचा समजू नका.

रचना मी अशी करतो. रुंदीला तीन मुख्य नळ्या, ४० बाय २५, उभ्या, प्रत्येकी साधारण १.२ मीटर. त्यांच्यावर लांबीच्या दिशेनं पाच हलक्या नळ्या, २५ बाय २५, दीड मिलिमीटर भिंतीच्या, दीड मीटर लांब. कठडा नाही, जाळी नाही, पुढे जाहिरातीसारखा फलक नाही. नळ्यांचं वजन सव्वापाच किलो, सहा पाय धरून सगळं आठ किलोंच्या आसपास. वरच्या नळ्या लांबीलाच का? कारण मेळघाटात पावसाळ्यानंतर बांबू रस्त्यावर ओणवा झालेला असतो. गाडी खालून गेली की फांदी या नळ्यांवरून सरळ मागे घसरून जाते. रुंदीला पट्ट्या असतील तर प्रत्येक पट्टीत अडकते, आणि एखादा जाड कोंब अडकला की बोल्ट तरी सैल होतो नाहीतर पन्हळ (छताच्या कडेची पाणी वाहून नेणारी नाली) तरी वाकते. पुढच्या टोकांना प्लॅस्टिकची टोपी घाला आणि वरची कड कानशीनं तिरपी करा.

जोडणी वेल्डिंगनं नको. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं, ते करणारा चांगला हात दरवेळी सापडत नाही, आणि सापडला तरी शिवणीशेजारचा धातू तापून मऊ पडतो. धक्के खाणाऱ्या कामात तडा बरोबर तिथूनच जातो. स्टेनलेसचे ६ मिलिमीटरचे बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, धक्क्यानं सैल न होणारा) वापरा. साधा नट कच्च्या रस्त्यावर फिरून निघतो. पोकळ नळीत बोल्ट आवळला की नळी चेपते, म्हणून बोल्ट जिथून जाणार तिथे आत नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा सरकवून त्यातून भोक पाडायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि कारागीर ते टाळू बघतो. तुम्ही शेजारी उभे राहा.

आता पाय. खरी कारागिरी इथे लागते. जिमनीच्या छताला दोन्ही बाजूंनी पन्हळ आहे, हे तुमचं नशीब. छताला एकही भोक पाडावं लागत नाही. पायाचा वरचा भाग पन्हळीच्या तळात बसतो आणि खालून एक आकडा पन्हळीच्या ओठाला धरतो; दोन्ही ८ मिलिमीटरच्या बोल्टनं आवळायचे. वजन तळावर आलं पाहिजे, तेही छताच्या भिंतीलगत. बाहेरच्या ओठावर आलं तर तो हळूहळू खाली वळतो आणि मग तो सरळ करणं म्हणजे डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं बिल. पायाची लांबी किमान चार इंच ठेवा, म्हणजे दाब पसरतो. पाय पाच मिलिमीटर पट्टीचे लोखंडी चालतील, पण लोखंड ॲल्युमिनियमला जिथे टेकतं तिथे मध्ये रबर किंवा नायलॉनची चकती हवी. दोन धातू ओले होऊन एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं.

पन्हळीत रबर घालताना एक गोष्ट हमखास चुकते. पूर्ण लांबीची पट्टी घातली की पाण्याची वाट बंद. मग श्रावणात दार उघडलं की पाणी थेट मांडीवर. रबर फक्त पायापुरतं, आणि त्याच्याही खालून पाणी जाईल अशी एक खाच ठेवा. जुन्या ट्यूबचे तुकडे बहुतेक जण वापरतात, पण आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन ते दोन हंगामांत चिरून टाकतं. कन्व्हेअर बेल्टचा तुकडा मिळाला तर उत्तम. पाय बसवून झाले की चारी दरवाजे सावकाश उघडून बघा. खालचा आकडा दाराच्या वरच्या कडेला किंवा रबराला घासत असेल तर तो तिथेच तासायचा.

माप घेताना टेप छतावर टाकून मोकळे होऊ नका. छत मधे फुगीर असतं. एका पन्हळीपासून दुसऱ्या पन्हळीपर्यंत दोरी ताणून धरली तर ती मधल्या फुगवट्यावरच टेकते. म्हणून दोन्ही टोकांना सारख्या उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा, त्यांवरून दोरी ताणा आणि मधे किती अंतर उरतं ते मोजा. पुढे, मधे आणि मागे, तिन्ही ठिकाणी. त्यावरून पायांची उंची ठरते. मुख्य नळी आणि छताचा सर्वात उंच भाग यांत २० मिलिमीटर मोकळे राहतील असं बघा. त्यापेक्षा कमी ठेवलं तर आदळल्यावर नळी पत्र्याला लागेल. २० मोकळे, ४० ची नळी, वर २५ ची: झाले ८५ मिलिमीटर, साडेतीन इंचांच्या आत. कठड्याचं कॅरिअर याच्या दुप्पट-तिप्पट वर जातं.

आरटीओचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकाच्या मूळ रचनेला छेद देणारे बदल चालणार नाहीत असं म्हटलं. पाना घेऊन अर्ध्या तासात उतरणारं, भोक न पाडलेलं कॅरिअर आणि छताला कायमचं वेल्ड केलेलं कॅरिअर यांत फरक आहे. तरी अमरावतीच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या, नाक्यावर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

वर काय ठेवायचं? ताडपत्री, अंथरुणं, तंबू, फावडं, रिकामी कॅरेटं. भरलेलं संत्र्याचं कॅरेट नाही. वरूड-मोर्शीकडचे ओळखीचे लोक हे हमखास विचारतात. भरलेलं कॅरेट वीस किलोंच्या पुढे जातं, एक ठेवलं की मर्यादा गाठली. पाण्याचा वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, तोही आतच. छतावरच्या तंबूचा नाद सोडा. उभ्या गाडीचं छत त्यापेक्षा जास्त पेलतं हे खरं, पण तो तंबू मेळघाटातल्या सेमाडोहपर्यंत चालत्या गाडीवरूनच जाणार आहे ना?

बांधायला रॅचेटचे पॉलिस्टर पट्टे घ्या. नायलॉनची दोरी उन्हात लवकर कुजते आणि रबरी आकडे धक्क्यानं सुटतात. रंगाचं विचाराल तर लावूच नका. काळा रंग दिसायला भारी, पण मे महिन्यात हात लावता येत नाही, आणि फांद्या तो सहा महिन्यांत खरवडून काढतातच. पहिल्या पन्नासेक किलोमीटर खराब रस्त्यानंतर सगळे बोल्ट एकदा बघा. पायांचे बोल्ट मात्र ताकद लावून आवळू नका, पन्हळीचा पत्रा पातळ असतो.

हे सगळं झाल्यावर समृद्धी महामार्गावर गाडी काढाल आणि ऐंशी-नव्वदच्या पुढे वरून घूं असा आवाज येऊ लागेल. घाबरू नका, काही सुटलेलं नसतं. रुंदीला लावलेल्या पुढच्या मुख्य नळीवरून वारा एकसारख्या ठोक्यांत सुटतो, त्याचा तो आवाज. त्या एका नळीवर बोटाएवढी दोरी मळसूत्रासारखी, वेढ्यांमध्ये चार-पाच बोटं अंतर सोडून, घट्ट गुंडाळा आणि टोकं केबल टायनं बांधा. ठोके जागोजागी तुटतात आणि आवाज बराच कमी होतो. तरीही राहिला तर पुढची मुख्य नळी काचेच्या वरच्या कडेपासून वीतभर मागे सरकवा. म्हणून पुढच्या पायांची जागा पक्की करण्याआधी एक फेरी महामार्गावर मारून घ्या.