सोलापुरात कटिंगचं काम शिकून स्वतःचं सलून टाकता येईल का?

येईल की, पण कोर्स केला अन् लगेच दुकान टाकलं असं करू नका राव. आधी दोनेक वर्षं चालत्या दुकानात खुर्ची धरा, हात बसतो अन् गिऱ्हाईक पण ओळखीचं होतं, नंतर तेच तुमच्याकडं येतंय. नवी पेठेत डिपॉझिट भरण्यापेक्षा जुळे सोलापूरला दोन खुर्च्यांनी सुरू करा. पैशासाठी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना बघा, 2023 पासून आहे, त्यात नाभिक काम बसतं, अवजारांसाठी 15,000 पर्यंतची टूलकिट मदत आणि पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत 5 टक्क्यानं. दोन-चार कामगारांचं छोटं दुकान असेल तर शॉप ॲक्टची, म्हणजे दुकानांच्या कायद्याखाली, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. आणि ब्लेड प्रत्येकाला नवीनच, त्यात कंजूषी नको.