दोन हजारांचं घड्याळ, साठ हजारांचा हप्ता

ठाण्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 34, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी, हातात महिना 62 हजार. रोज पोहायला जातात. दोन वर्षांत दोन स्वस्त डिजिटल घड्याळांच्या काचेआड वाफ धरली. आता पुन्हा दीड हजाराचं घ्यावं, की साडेसहा हजाराचं 200 मीटरवालं, 'आयुष्यभर टिकेल' असं?

शेवटी ता.क.: "गेल्या महिन्यात 32 लाखांचं गृहकर्ज झालं. त्यासाठी बँकेची पॉलिसी घ्यावी लागली. वर्षाला 60 हजार, 12 वर्षं, विसाव्या वर्षी दुप्पट. म्हणून खर्च बघून करतोय. पॉलिसीचे कागद मागच्या आठवड्यात आले."

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा! घड्याळाची खरेदी थांबेल, पॉलिसीच्या कागदांची मुदत थांबणार नाही.

'घ्यावी लागली' हे साफ खोटं. गृहकर्जासाठी विशिष्ट पॉलिसीची सक्ती करता येत नाही. आता 'दुप्पट' बघू. 60 हजार गुणिले 12 म्हणजे 7.2 लाख, विसाव्या वर्षी 14.4 लाख. ऐकायला झकास, पण परतावा पडतो पाच टक्क्यांहून जरा कमीच. तुमच्या कर्जाचं व्याज याच्या वर असणार. म्हणजे महाग पैसा उचलून स्वस्तात गुंतवायचा. आणि विमा? अशा पॉलिसीत तो बहुधा हप्त्याच्या दहापट असतो, म्हणजे 6 लाख. उद्या तुमचं काही झालं तर उरलेले 26 लाख बायकोने कुठून आणायचे?

सुटका आहे. कागद हाती पडल्यापासून 30 दिवसांत 'फ्री-लुक'मध्ये पॉलिसी परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून पैसे मिळतात. अर्ज लेखी द्या, विमा कंपनीलाच द्या, प्रतीवर तारखेसह पोच घ्या. बँकेतले साहेब "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतील. त्यांना तेच हवं असतं. त्याच दिवशी एक कोटीच्या टर्म विम्याचा, म्हणजे परतावा नसलेल्या निव्वळ आयुर्विम्याचा अर्ज भरा. तब्येत ठीक असेल आणि सिगारेट नसेल, तर वर्षाला साधारण 12 ते 15 हजार. उरलेले 45 हजार कर्जाच्या मुदलात घाला.

आता घड्याळ. पाठीवरचे मीटर म्हणजे प्रयोगशाळेतला स्थिर दाब. 30 मीटर लिहिलंय म्हणून तेवढं खोल जायचं नसतं. 1989 पासून विकल्या जाणाऱ्या कॅसिओ एफ-91डब्ल्यूचंच उदाहरण बघा, त्यावर नुसतंच 'वॉटर रेझिस्ट' आहे. पाऊस, हात धुणं, बस्स. 50 मीटरचं पोहायला चालतं, रोजच्या पोहण्याला 100 मीटरचं बरं. रेझिनचं, म्हणजे प्लास्टिकचं, असं घड्याळ दोन-अडीच हजारांत मिळतं, काहींचा सेल दहा वर्षं चालतो असं कंपनी सांगते. 200 मीटरचे चार हजार जास्त कशाला? तुम्ही तलावाच्या तळाशी राहत नाही. आणि आयुष्यभर काहीच टिकत नाही. आधी पट्टा तडकतो, मग आतली रबरी रिंग कडक होते. गरम पाणी आणि साबणाने ती लवकर जाते, तेव्हा आंघोळीला घड्याळ काढा. पाण्यात बटणं दाबू नका.

दोन्ही घड्याळांचा सेल स्टेशनबाहेर बदलून घेतला होता का? झाकण उघडल्यावर रिंग नीट बसवली नाही तर 100 मीटरचंही पहिल्या सरीत भिजतं. पुढच्या वेळी सेल सर्व्हिस सेंटरमध्ये बदला, दोनशे रुपये जास्त गेले तरी.