धामणीचं धनुष्य : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : परदेशी पुस्तकांत यू आणि ओसेज ऑरेंज ही लाकडं सांगितलेली असतात. आपल्याकडचं कोणतं लाकूड धनुष्याला चालेल? (कोथरूड)

उत्तर : धामण. कुऱ्हाडीच्या दांड्याला ती मुद्दाम शोधून आणतात, कारण हिसका सोसते आणि वाकून परत सरळ होते. बाभूळही चिवट, पण तिचा सहा फूट सरळ तुकडा मिळणं कठीण.

ओंडका किमान 4 इंच जाड आणि बिनगाठीचा बघा. सालीवरच्या भेगा तिरप्या फिरत असतील तर आतल्या रेषाही पीळ घेतात. असा तुकडा फुकट मिळाला तरी नको. कापल्याबरोबर, त्याच दिवशी, दोन्ही टोकांना ऑइलपेंट फासा, नाहीतर टोकाकडून चिरत जातो. मग पाचर ठोकून उभा फोडा. करवतीनं कापू नका : करवत रेषा तोडत जाते, पाचर रेषेनंच जाते. साल लगेच सोला, तिच्याखाली भुंगे शिरतात. उघड्या पाठीवर, म्हणजे धनुष्याच्या निशाण्याकडे राहणाऱ्या बाजूवर, लाखेच्या पॉलिशचा हात द्या.

यू किंवा ओसेजसारखी एक वार्षिक वलयरेषा पकडून पाठ काढण्याच्या फंदात पडू नका. धामणीत वलयं नीट ओळखू येत नाहीत. सालीखालचा नैसर्गिक पृष्ठभाग हीच पाठ. तिला रंधा लावायचा नाही. सगळं तासकाम पोटाच्या, म्हणजे धनुष्य धरणाऱ्याकडच्या, बाजूनं.

आणि महापालिका हद्दीत झाड तोडायला, 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार, आधी परवानगी घ्यावी लागते.

प्रश्न : पावसाळ्यात केलेलं धनुष्य दोरी काढली तरी वाकडंच राहतं. मित्राचं मे महिन्यात कडकन मोडलं. लाकूड एकच होतं. (भोर)

उत्तर : दोन्हीचं कारण ओलावा. लाकडात तो 8 ते 10 टक्के हवा. पावसाळी हवेत तो बराच वर जातो, मग पोटाकडचे तंतू दबतात ते दबलेलेच राहतात. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो 6 टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड ठिसूळ होऊन पाठ तुटते. फोडलेला तुकडा सावलीत, वारा खेळेल असा ठेवून दर आठवड्याला वजन करा. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत सलग तीन आठवडे वजन उतरलं नाही, की कामाला घ्या. उन्हाळ्यात तयार धनुष्य गाडीच्या डिकीत ठेवू नका आणि काम झालं की दोरी उतरवा.

प्रश्न : एक बाजू जास्त वाकते. काय करू? (हडपसर)

उत्तर : जास्त वाकणाऱ्या बाजूला हातही लावू नका, खरवडायची ती ताठ बाजू. 28 इंच खेचीला (दोरी जितकी मागे ओढायची ते अंतर) एकूण लांबी 66 इंच धरा, मूठ 4 इंच, मुठीजवळ रुंदी दीड इंच, टोकाशी अर्धा. रुंदी एकदाच ठरवा आणि पुढे फक्त जाडी उतरवा, तीही जपून : ताकद (धनुष्य खेचायला लागणारा जोर, तो पाउंडांत मोजतात) जाडीच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणजे जाडी 10 टक्के उतरली की ताकद सुमारे 27 टक्के जाते. दोनचार हात खरवडलं की धनुष्य अर्धवट खेचून तीसेक वेळा सोडा, मगच बघा, कारण खरवडल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. ताकद सामान तोलायच्या टांगत्या काट्यावर मोजा आणि ठरवलेल्या पाउंडांपुढे एकदाही खेचू नका. शेवटचं खरवडणं काचेच्या तुकड्यानं.

पोटाकडे तिरपा उजेड पाडून बघा. केसाएवढ्या आडव्या सुरकुत्या दिसल्या, तर तिथले तंतू चिरडलेत. त्या पुसल्या जात नाहीत. बाकीची लांबी खरवडून त्या जागेवरचा भार कमी करता येतो, मात्र धनुष्य हलकं होतं.

प्रश्न : जुन्या वाड्याची सागवानी तुळई आहे. जमेल? (शनिवार पेठ)

उत्तर : नुसत्या सागाचं नको, हिसक्याला तो कच्चा. पाठीला बांबूची पट्टी चिकटवली तर हलकं धनुष्य होऊ शकतं. साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसून घ्या, नाहीतर पट्टी सुटते. खिळ्यांच्या भोकांचा भाग आधीच कापून टाका.