लेस्टरला हसायचं की लेस्टरबरोबर?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

‘अमेरिकन ब्यूटी’वरचा तुझा खर्डा वाचला. भाषा साफ आहे, कुठे अडखळायला होत नाही. पण ‘काहींना हा चित्रपट थोर वाटतो, काहींना भंपक’ अशी सुरुवात, ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असा शेवट, आणि मधे नुसती गोष्ट. बाराशे शब्दांच्या लेखात गोष्टीला दीडशे शब्द पुरे. बेचाळीस वर्षांचा लेस्टर बर्नम, घरं विकून देणारी बायको कॅरोलिन, मुलगी जेन, शेजारी राहायला आलेला कर्नल आणि त्याचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन फिरणारा मुलगा रिकी. बास. ‘शेवट फुटेल’ ही काळजी नको. वर्षभराच्या आत आपण मेलेलो असू, हे लेस्टर स्वतःच सुरुवातीला सांगून टाकतो. मेलेल्या माणसाने गोष्ट सांगायची ही युक्ती बिली वाइल्डरने १९५० मध्ये ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्ये वापरली होती, एका वाक्यात उल्लेख कर आणि पुढे जा.

आता मुख्य गोष्ट. लोक या चित्रपटावरून भांडतात ते एकाच कारणाने नाही. तू सगळी भांडणं एकत्र कालवलीस, म्हणून शेवटी ‘तथ्य आहे’ म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ती सुटी कर.

मुळातलं भांडण असं: चित्रपट लेस्टरला हसतो, की लेस्टरच्या खांद्यावर हात टाकून इतरांना हसतो? कॅरोलिन पहिल्यांदा दिसते तो प्रसंग लावून बघ. ती अंगणात गुलाब कापते आहे. छाटणीच्या कात्रीची मूठ आणि तिच्या पायातली बागकामाची पादत्राणं एकाच रंगाची आहेत, आणि हा योगायोग नाही, हे लेस्टर आपल्याला सांगतो. हशा पिकतो. बाई अजून आपल्याशी एक शब्द बोललेली नाही आणि नवऱ्याने तिची टर उडवून ठेवली आहे. इथून पुढे बहुतेक वेळ आपण तिला त्याच्याच चष्म्यातून बघतो. म्हणजे उपहास मध्यमवर्गाच्या दिखाऊपणावर आहे की बायकोवर, हा आक्षेप हवेतला नाही.

पण लगेच त्याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेव. विकायचं घर दाखवण्यासाठी कॅरोलिन ते स्वतः घासूनपुसून काढते, ‘हे घर मी आज विकणारच’ असं स्वतःला बजावत राहते. गिऱ्हाइकं येतात, नाकं मुरडतात, जातात. मग ती उभ्या पट्ट्यांचे पडदे ओढून घेते, रडते आणि स्वतःच्याच थोबाडीत मारते. इथे लेस्टर नाही, त्याचं निवेदनही नाही. ॲनेट बेनिंगने हा प्रसंग असा केला आहे की ओठावरचं हसू तिथल्या तिथे विरतं. चित्रपटाची बाजू घेणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम पुरावा. तुझ्या खर्ड्यात तो नाहीच!

मग जेवणाचं टेबल. लेस्टरने नोकरी सोडली आहे, साहेबाला धमकावून वर्षाचा पगार उकळला आहे आणि आता तो बर्गरच्या दुकानात काम करतो. कॅरोलिन टोमणा मारते, घराच्या कर्जाचं कोण बघणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून लेस्टर ॲस्परॅगसची बशी भिंतीवर भिरकावतो आणि थिएटर त्याच्या बाजूने होतं. पुढे चार हजार डॉलरच्या सोफ्यावर बिअर सांडेल म्हणून ती घाबरते तेव्हाही तेच: जिंकतो तो. माझं मत विचारशील तर चित्रपटाचा तोल इथे जातो. त्याच्या बंडाचा खर्च कोण भरतं, याकडे पटकथेने काणाडोळा केला आहे. तुझं मत वेगळं असेल तर असू दे, पण ते याच प्रसंगातून काढून दाखव.

दुसरं भांडण अँजेलाचं, म्हणजे जेनच्या शाळकरी मैत्रिणीचं. १२२ मिनिटांच्या चित्रपटात लेस्टर बहुतेक वेळ तिच्या मागे आहे. शेवटी ‘माझी ही पहिलीच वेळ’ असं ती म्हणते आणि तो थांबतो, तिला पांघरूण देतो, खायला करून देतो. काहींना यात माणूस भानावर आलेला दिसतो. तू एवढंच विचार: तिने ते वाक्य म्हटलं नसतं तर?

तिसरं, रिकीने कॅमेऱ्यात टिपलेली, वाऱ्यावर नाचणारी प्लास्टिकची पिशवी. ‘हे पोराचं बोलणं आहे, चित्रपटाचं नव्हे’ असा बचाव तू केला आहेस. तो टिकत नाही. जगात इतकं सौंदर्य आहे की सोसवत नाही, असं रिकी म्हणतो. अखेरच्या निवेदनात लेस्टर जवळजवळ तेच बोलतो, आणि ही पिशवीही तिथे परत येते. म्हणजे चित्रपटाला ते मान्य आहे. उपहास जाऊन प्रवचन सुरू होतं ते इथे. कोणाला ते भावतं, कोणाला गुळमट लागतं. मूळ पटकथा जेन आणि रिकीवरच्या, लेस्टरच्या खुनाच्या खटल्याने सुरू होऊन त्यानेच संपत होती. ते प्रसंग चित्रितही झाले होते, दिग्दर्शक सॅम मेंडिसने संकलनात काढले. सुरुवातीला जेन व्हिडिओत बापाबद्दल बोलते ते त्याचंच उरलेलं शेपूट. खटला राहिला असता तर शेवट किती कडवट झाला असता, याचा विचार करून बघ.

कर्नलवर फार शब्द घालवू नकोस. समलिंगींचा द्वेष करणारा स्वतःच तसा निघणं आज ठोकळेबाज वाटतं. मात्र त्या गल्लीतलं एकमेव सुखी घर जिम नावाच्याच दोन पुरुषांच्या जोडप्याचं आहे, हे नोंदव.

बघायची पद्धत: पहिल्यांदा सलग, वही बंद. दुसऱ्यांदा थांबत थांबत, वहीत तीन रकाने: वेळ, कॅमेरा कुठे आहे, आवाज कोणाचा. तिसऱ्यांदा वरचे तीन-चार प्रसंगच, आवाज बंद करून. थॉमस न्यूमनचं संगीत काय वाटून घ्यायचं ते परस्पर ठरवून टाकतं. ते काढलं की छायालेखक कॉनराड हॉलचं काम दिसतं. ऑफिसात संगणकाच्या पडद्यावर लेस्टरचं प्रतिबिंब मजकुराच्या उभ्या रकान्यांमागे पडतं, गजाआड असल्यासारखं. नेटक्या, स्थिर चौकटींत रिकीचं हातात धरून केलेलं चित्रण वेगळं का वाटतं, तेही कळेल.

‘पाश्चात्त्य कुटुंबव्यवस्था ढासळल्याचं चित्रण’ हे वाक्य आधी खोड. आपल्याकडच्या निम्म्या चर्चा तिथेच अडकतात. हा उपहास एका ठरावीक वस्तीचा आहे: दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी हमीच्या कर्जांवर उभी राहिलेली स्वतंत्र घरं, पुढे हिरवळ, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. न्यूयॉर्कजवळचं लेव्हिटाउन १९४७ मध्ये सुरू झालं, १९५१ पर्यंत तिथे सतरा हजारांवर घरं झाली, आणि कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. बोरिवली-कोथरूडशी तुलना करायचीच असेल तर या फरकांसकट कर. गंमत म्हणजे चित्रपटातली गल्ली लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमधल्या वॉर्नर स्टुडिओच्या आवारातला तेव्हाचा कायमचा सेट होता.

शेवटी काळ. १९९९ चा चित्रपट, पुढच्या वर्षी पाच ऑस्कर, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. तेव्हा अमेरिकेत सुबत्ता होती. २००८ मध्ये कर्ज थकून लोकांची घरं गेली, त्यानंतर घर असलेल्या माणसाचा कंटाळा अनेकांना चोचला वाटू लागला. २०१७ च्या अखेरीस लेस्टर झालेल्या केविन स्पेसीवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाणी आणि २०२३ मध्ये लंडनच्या फौजदारी खटल्यात निकाल त्याच्या बाजूने लागले. हे सगळं लिहायचं तर पूर्ण लिही, अर्धं नको. आणि अँजेलाच्या मुद्द्यात ते मिसळू नकोस. तो आक्षेप त्याच्याशिवायही उभा राहतो.

दुसरा खर्डा पाठवशील तेव्हा ‘मास्टरपीस’ आणि ‘ओव्हररेटेड’ दोन्ही शब्द काढलेले असू देत. शीर्षक सगळ्यात शेवटी ठरव. आणि मेंडिसचं आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी पडलं आहे, तेवढं सारखं कर.

कळावे.