लोटेच्या केमिकल एमआयडीसीजवळ राहतो (रत्नागिरी जिल्हा), प्रदूषणामुळे पोरीला लस लागू होणार नाही का?

लागू होते हो, डोस अजिबात चुकवू नका. तुमची शंका अगदीच हवेतली नाही पण. नॉनस्टिक, वॉटरप्रूफ कपडे, आग विझवायचा फेस यात पीएफएएस नावाची केमिकल असतात, ती शरीरात वर्षानुवर्षं राहतात. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या मुलांचा अभ्यास २०१२ साली आला, त्यात पाचव्या वर्षी ज्यांच्या रक्तात ही दुप्पट होती त्यांच्या सातव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाच्या अँटिबॉडी जवळपास निम्म्या भरल्या. तिकडे लोक देवमाशाचं मटण खातात, त्यातनं हे बरंच येतं, तेव्हा उगाच आपल्या बांगड्या-पेडव्यावर राग काढू नका! आणि अँटिबॉडी कमी म्हणजे शून्य नव्हे, शिवाय हा संबंध दिसलाय, एकेका मुलाचं भाकीत त्यावरनं होत नाही.

पाच-सहा वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर म्हणूनच महत्त्वाचा, तो अँटिबॉडी परत वर काढतो. आमच्या पोराला अंगणवाडीत दिला तेव्हा दंड टम्म सुजला, रात्रभर ताप, आज्जी माझ्यावरच करवादली, दुसऱ्या दिवशी दुपारी हा आंब्याच्या झाडावर. पाणी उकळून पीएफएएस जात नाही बरं का, विहिरीची शंका असेल तर आरओ लावा, खरवडलेला नॉनस्टिक तवा टाका, बिडाचा काढा.